गलिव्हरचा न झालेला खटला

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गलिव्हरची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत असताना वाचलेली असते. मीही तेव्हाच वाचली. मोठ्या टाइपातली, चित्रांची, संक्षिप्त आवृत्ती होती ती. जहाज फुटते, गलिव्हर पोहत किनाऱ्याला लागतो आणि जाग येते तेव्हा सहा इंच उंचीच्या माणसांनी त्याला दोऱ्यांनी जमिनीशी जखडून टाकलेले असते. पुढे तो त्या चिमुकल्या लोकांच्या बादशहाच्या मर्जीत बसतो, शत्रूचे आरमार दोरीला बांधून ओढून आणतो आणि मग एक दिवस घरी परत येतो. का परत येतो, हे त्या पुस्तकात नव्हते. बिचाऱ्याला घरची आठवण आली असेल, असे मी आपले समजून चाललो होतो.

पुष्कळ वर्षांनी मूळ पुस्तक हाती आले तेव्हा कळले की घरची आठवण वगैरे काही नाही. गलिव्हर फरारी आरोपी होता. त्याच्यावर राजद्रोहाचे आरोपपत्र तयार झाले होते, शिक्षाही ठरली होती आणि ती अंमलात यायला तीन दिवस उरले होते. मुलांच्या आवृत्तीतून नेमके हेच प्रकरण वगळले होते.

आज मी बोलणार आहे ते या लिलिपुटच्या न्यायाविषयी. हे साम्राज्य कोणत्याही नकाशावर सापडणार नाही. पण ज्या खटल्यांवरून स्विफ्टने हा खटला बेतला ते खरे होते. त्यांत खरी माणसे तुरुंगात गेली, परागंदा झाली, काहींची मुंडकी उडाली. आणि ज्या न्यायव्यवस्थेची ही थट्टा आहे, तिच्याशी आपला मुंबईकरांचा संबंध पुढे दोनशे वर्षांहून अधिक काळ आला.

जोनाथन स्विफ्टचा जन्म १६६७ चा, डब्लिनचा. पेशाने तो धर्मगुरू. १७१३ पासून डब्लिनच्या सेंट पॅट्रिक्स कॅथीड्रलचा तो डीन होता. त्याआधीची काही वर्षे मात्र त्याने लंडनमध्ये राजकारणाच्या अगदी ऐन गाभ्यात काढली. ॲन राणीच्या कारकिर्दीच्या शेवटी टोरी पक्षाचे जे सरकार होते, त्याचे प्रमुख रॉबर्ट हार्ली आणि लॉर्ड बोलिंगब्रोक हे दोघे त्याचे जवळचे मित्र. सरकारची बाजू मांडणारी पत्रके स्विफ्ट लिहीत असे. गलिव्हरचे प्रवासवर्णन लंडनमध्ये २८ ऑक्टोबर १७२६ रोजी प्रसिद्ध झाले, ते लेखकाच्या नावाशिवाय. नाव न घालण्याचे कारण पुढे ध्यानात येईलच.

आता लिलिपुटचे कायदे पाहू. स्विफ्ट ते अगदी गंभीर चेहऱ्याने सांगतो. पहिला कायदा खोट्या फिर्यादीविषयीचा. राज्याविरुद्धच्या गुन्ह्याला तिथे अतिशय कडक शिक्षा आहे. पण खटल्यात आरोपीचे निर्दोषपण स्पष्ट झाले, तर फिर्यादीला ताबडतोब मृत्युदंड. आणि त्या फिर्यादीच्या मालमत्तेतून निर्दोष माणसाला चौपट भरपाई. कशाची? वाया गेलेल्या वेळेची, जिवावर आलेल्या संकटाची, तुरुंगातल्या हालांची आणि बचावासाठी झालेल्या खर्चाची. फिर्यादीची मालमत्ता पुरली नाही, तर उरलेली रक्कम सरकारी खजिन्यातून द्यायची. एवढ्यावर भागत नाही. बादशहा त्या माणसाचा काहीतरी जाहीर सन्मान करतो आणि तो निर्दोष असल्याची दवंडी सगळ्या शहरात पिटली जाते.

हे वाचून आपल्याला हसू येते. पण त्या काळच्या इंग्रज वाचकाला ते कुठे टोचत असेल, ते पाहा. तेव्हा इंग्लंडमध्ये निर्दोष सुटलेल्या कैद्यालाही तुरुंगाधिकाऱ्याची फी भरावी लागत असे. ती भरली नाही तर सुटलेला माणूस पुन्हा कोठडीत. ही पद्धत बंद करणारा कायदा १७७४ मध्ये झाला, म्हणजे स्विफ्टच्या मृत्यूनंतर २९ वर्षांनी. त्याचप्रमाणे साध्या फौजदारी खटल्यात आरोपीच्या वतीने वकिलाने ज्युरीपुढे भाषण करण्याचा हक्क तिथे १८३६ मध्ये मिळाला. त्याआधी जिवावरच्या आरोपाला अडाणी माणसाने आपले आपण उत्तर द्यायचे.

भरपाईचा प्रश्न आपल्याकडेही जुना झालेला नाही. बिहारमधला रुदल शाह १९६८ मध्ये निर्दोष सुटला आणि तरीही १९८२ पर्यंत, चौदा वर्षे, तुरुंगातच राहिला. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये त्याला आधीच्या पाच हजारांशिवाय तीस हजार रुपये देवविले. नागरिकाच्या मूलभूत हक्काचा भंग झाला म्हणून न्यायालयाने भरपाई देवविल्याचा तो आपल्याकडचा मोठा दाखला. चुकीच्या खटल्यांत भरडलेल्या लोकांसाठी स्वतंत्र कायदा करावा, अशी शिफारस विधी आयोगाने २७७ व्या अहवालात केली, ती २०१८ मध्ये. लिलिपुटची चौपट भरपाई १७२६ ची. असो.

दुसरा कायदा फसवणुकीचा. लिलिपुटमध्ये चोरीपेक्षा फसवणूक हा मोठा गुन्हा आहे आणि तिला बहुधा देहदंडच होतो. कारण मोठे समजण्यासारखे आहे. चोरापासून माणूस सावध राहू शकतो, दाराला कडी-कुलूप लावू शकतो. पण ज्याच्यावर विश्वास टाकला त्याच्या लबाडीला कुलूप कोठून आणणार? गलिव्हर एकदा अशाच एका गुन्हेगारासाठी बादशहाकडे रदबदली करतो. त्या नोकराने मालकाच्या नावाने मोठी रक्कम वसूल केली आणि ती घेऊन पोबारा केला. गलिव्हर म्हणतो, महाराज, यात चोरी अशी नाही, हा केवळ विश्वासघात आहे. बादशहा चकित होतो. ज्या गोष्टीने गुन्हा अधिक काळा होतो, तीच हा मनुष्य बचाव म्हणून पुढे करतो आहे! आणि गलिव्हरला उत्तर सुचत नाही.

त्याला सुचणार नाहीच, कारण तो इंग्लंडमधून आला होता. तिथे १६९९ च्या कायद्याने दुकानातून पाच शिलिंगांचा माल लांबवला तर फाशी होती. आणि अमक्याने मला पाठवले आहे अशी थाप मारून कोणी वीस पौंड उकळले, तर? असे एक प्रकरण १७०३ मध्ये सरन्यायाधीश होल्ट यांच्यापुढे आले. एकाने दुसऱ्याला मूर्ख बनवले म्हणून त्याच्यावर का फौजदारी करायची, असा त्यांचा सवाल होता. पुढे १७२० मध्ये साउथ सी कंपनीचा फुगा फुटला. हजारो लोकांची पुंजी बुडाली. कंपनीचा खजिनदार रॉबर्ट नाइट १७२१ च्या जानेवारीत देशाबाहेर निसटला. संचालकांच्या मालमत्ता काढून घ्यायला नेहमीचे कायदे पुरे पडेनात, तेव्हा संसदेला खास कायदा करावा लागला. पुढे दोनच वर्षांत, १७२३ मध्ये, त्याच संसदेने आणखी एक कायदा केला. 'ब्लॅक ॲक्ट' या नावाने तो ओळखला जातो. तोंडाला काळे फासून राखीव रानात हरणे मारणाऱ्यांसाठी तो होता. त्यात सुमारे पन्नास कृत्यांना फाशी सांगितली होती आणि मासळीच्या तळ्याचा बांध फोडणे हेही त्यांपैकी एक. हरीण मारणारा फासावर आणि खजिना घेऊन जाणारा परदेशी सुखरूप, हे लिलिपुटच्या बादशहाला कसे समजावून सांगणार?

तिसरी गोष्ट मला सर्वांत आवडते. लिलिपुटचे लोक म्हणतात, तुमचे कायदे नुसते शिक्षेच्या जोरावर चालतात, त्यांत बक्षीस कोठे आहे? त्यांच्याकडे ज्याने ७३ चांद्रमास, म्हणजे सुमारे सहा वर्षे, सगळे कायदे नीट पाळले असे सिद्ध केले, त्याला काही सवलती, ठरावीक रक्कम आणि नावापुढे लावायला एक किताब मिळतो. किताब वंशपरंपरेने चालत नाही. बापाच्या सचोटीवर मुलाने मिरवायचे नाही. त्यांच्या न्यायालयांतली न्यायदेवताही वेगळी आहे. तिला सहा डोळे. दोन पुढे, दोन मागे आणि दोन्ही बाजूंना एकेक. उजव्या हातात सोन्याची उघडी थैली आणि डाव्या हातात म्यान केलेली तलवार. ऑक्टोबर २०२४ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयातल्या नव्या न्यायदेवतेचे छायाचित्र वर्तमानपत्रांत आले होते. डोळ्यांवरची पट्टी गेलेली, तलवारीच्या जागी संविधान. ते पाहताना मला ही सहा डोळ्यांची लिलिपुटी देवता आठवल्यावाचून राहिली नाही.

असे कायदे असल्यावर लिलिपुटला जाऊन राहावे, असे कोणालाही वाटेल. पण स्विफ्ट मध्येच एक वाक्य हळूच टाकून देतो. तो म्हणतो, मी सांगितले ते या देशाचे मूळचे कायदे. आज तिथे जे चालते ते निराळे. आज मंत्रिपदे कोणाला मिळतात, तर ताणलेल्या दोरीवर जो सर्वांत उंच उडी मारतो त्याला. कागदावरचा न्याय इथे संपतो आणि गलिव्हरचे स्वतःचे प्रकरण सुरू होते.

त्याचे झाले असे. एका मध्यरात्री राणीच्या महालाला आग लागली. पाण्याच्या बादल्या शिंपिणीच्या अंगुस्तान्याएवढ्या. आग आटोक्यात येईना. गलिव्हरने त्या संध्याकाळी भरपूर मद्य घेतले होते. त्याने तिथेच लघुशंका केली आणि तीन मिनिटांत आग विझली. महाल वाचला. पण राजवाड्याच्या आवारात लघुशंका करणे हा तिथल्या जुन्या कायद्याने देहान्ताचा गुन्हा होता. राणीने तर त्या महालात पुन्हा पाऊल न टाकण्याची आणि सूड घेण्याची प्रतिज्ञाच केली.

काही दिवसांनी रात्रीच्या वेळी दरबारातला एक बडा माणूस बंद मेण्यात बसून गुपचूप गलिव्हरकडे येतो. गलिव्हर तो मेणा माणसासकट कोटाच्या खिशात घालतो, दार लावून घेतो आणि मेणा टेबलावर ठेवतो. पाहुणा सांगतो, तुमच्यावर राजद्रोहाचे आरोपपत्र तयार झाले आहे. ही त्याची नक्कल.

आरोप चार. पहिला, आग विझवण्याच्या मिषाने राजवाड्याच्या आवारात केलेली लघुशंका. दुसरा, शत्रूचे, म्हणजे ब्लेफुस्कूचे, आरमार पकडून आणल्यावर उरलेली जहाजेही आणून त्या देशाला गुलाम करण्याची बादशहाची आज्ञा मानली नाही. निरपराध लोकांची सदसद्विवेकबुद्धी चिरडण्याची इच्छा नाही, अशी सबब सांगितली. तिसरा, ब्लेफुस्कूचे वकील तहासाठी आले तेव्हा त्यांना मदत केली आणि दिलासा दिला. चौथा, फक्त तोंडी परवान्यावर ब्लेफुस्कूला जाण्याची तयारी चालवली.

हे चारही आरोप आज पोरकट वाटतात. पण १७२६ च्या लंडनकराला त्यांचा वास ओळखीचा होता. हार्ली आणि बोलिंगब्रोक यांच्या सरकारने १७१३ मध्ये उट्रेख्टचा तह करून फ्रान्सशी चाललेले लांबलेले युद्ध संपवले. शत्रूला पुरता चिरडायचा सोडून तह का केला, फ्रान्सच्या माणसांशी गुप्त बोलणी का केली, हाच तर त्यांच्यावरचा राग होता. ॲन राणी १७१४ मध्ये वारली, पहिला जॉर्ज गादीवर आला, विग पक्ष सत्तेवर आला आणि १७१५ मध्ये संसदेने या जुन्या मंत्र्यांवर राजद्रोहाचे महाभियोग लावले. ज्या चौकशी समितीने कागद तपासले, तिचा अध्यक्ष रॉबर्ट वॉलपोल. लिलिपुटचा खजिनदार फ्लिमनॅप, जो दोरीवर सर्वांत उंच उड्या मारतो, तो हाच असे अभ्यासक मानत आले आहेत. 'शत्रूला साहाय्य आणि दिलासा' हे शब्दसुद्धा स्विफ्टच्या कल्पनेतले नव्हेत. इंग्लंडचा राजद्रोहाचा कायदा १३५१ चा, त्यातले ते आहेत.

आता आरोपपत्र कोणी तयार केले ते पाहा. आरमाराचा प्रमुख बोल्गोलम, ज्याची कीर्ती गलिव्हरच्या पराक्रमाने फिकी पडली. खजिनदार फ्लिमनॅप, ज्याला आपल्या बायकोचा आणि गलिव्हरचा संशय आहे. बायको सहा इंचांची आणि गलिव्हर तिच्या बारापट, पण मत्सराला माप कुठले? त्यांच्याबरोबर सेनापती, दरबारचा कारभारी आणि पाचवा बाल्मफ. हा बाल्मफ कोण? तर राज्याचा मुख्य न्यायाधीश. स्विफ्टने त्याच्या तोंडी एक शब्दही घातलेला नाही. फिर्याद लिहिणाऱ्यांच्या यादीत त्याचे नाव शेवटी टाकून तो पुढे गेला आहे. पण त्या एका नावाने आपल्याला कळते की हा खटला कोर्टात जाण्याआधीच निकालात निघालेला आहे.

शिक्षेची चर्चा बादशहाच्या खलबतखान्यात होते. आरोपी तिथे नाही. त्याला आरोपांची खबरही नाही. खजिनदार आणि आरमारप्रमुख म्हणतात, रात्री घराला आग लावावी आणि वीस हजार सैनिकांनी विषारी बाण मारावेत. तेव्हा रेल्ड्रेसल नावाचा मंत्री उठतो. हा गलिव्हरचा मित्र. तो म्हणतो, गुन्हा मोठा आहे खरा, पण दयेला जागा आहे. जीव घेऊ नये, फक्त दोन्ही डोळे फोडावेत. न्यायाचेही समाधान होईल आणि जग महाराजांच्या कनवाळूपणाची वाहवा करील. डोळ्यांची तशी गरज काय? मंत्र्यांच्या डोळ्यांनी पाहिले की झाले, मोठमोठे राजे तेच करतात!

आरमारप्रमुख संतापतो. खजिनदार खर्चाचा हिशेब मांडतो, कारण गलिव्हरला १७२८ लिलिपुटी माणसांचे अन्न लागते. पुन्हा तो दयाळू मित्र तोड काढतो. शिधा हळूहळू कमी करत जावे. माणूस खंगून आपोआप मरेल. तोवर तो निम्म्याने वाळलेला असेल, म्हणजे दुर्गंधीही कमी. मग पाच-सहा हजार माणसे लावून दोन-तीन दिवसांत हाडांवरचे मांस काढून गाड्यांतून दूर नेऊन पुरावे आणि सांगाडा पुढच्या पिढ्यांना पाहायला ठेवावा. सर्वांना हे पटते. उपासमारीचा बेत गुप्त राहतो. डोळे फोडण्याची शिक्षा तेवढी दप्तरात नोंदली जाते.

या प्रकरणातला सर्वांत थरकाप उडवणारा भाग यापुढचा आहे. पाहुणा सांगतो, आमच्याकडे अलीकडे एक नवी रीत पडली आहे. दरबाराने एखादी क्रूर शिक्षा फर्मावली की बादशहा आपल्या दयाळूपणावर भाषण करतो. ते भाषण लगेच छापून राज्यभर वाटतात. आणि प्रजा त्या भाषणाला जितकी भिते तितकी दुसऱ्या कशालाही भीत नाही. कारण अनुभव असा, की दयेची स्तुती जितकी लांबलचक, तितकी शिक्षा अमानुष आणि तितका माणूस निरपराध.

हीसुद्धा हवेतली कल्पना नव्हे. १७१५ मध्ये पदच्युत स्टुअर्ट घराण्याच्या बाजूने बंड झाले आणि ते मोडले. राजद्रोहाला शिक्षा होती ती फाशी द्यायची, जिवंतपणीच खाली उतरवून पोट फाडायचे आणि देहाचे चार तुकडे करायचे, अशी. सरदारांच्या बाबतीत राजा 'दया' दाखवून फक्त शिरच्छेद करवी. २४ फेब्रुवारी १७१६ रोजी डरवेंटवॉटर आणि केनम्यूर या दोन सरदारांना ही दया मिळाली. त्यांच्याबरोबर मरणार असलेला निथ्सडेल आदल्या रात्री बायकोने आणलेले बायकी कपडे घालून टॉवरच्या तुरुंगातून निसटला, म्हणून तो दयेला मुकला. आणि त्याच दिवसांत सरकारपक्षाचे लेखक राजाच्या मृदू अंतःकरणाचे गोडवे गात होते.

आता गलिव्हरपुढे प्रश्न उभा राहतो. करायचे काय? त्याच्या मनात येते, खटल्याला उभे राहावे. आरोपांतल्या गोष्टी घडल्या आहेत, पण त्यांची कारणे सांगता येतील. लगेच तो स्वतःलाच सांगतो की मी राज्याने चालवलेले पुष्कळ खटले वाचले आहेत आणि त्यांचा शेवट न्यायाधीशांना हवा तसाच होताना पाहिला आहे. दुसरा विचार प्रतिकाराचा. दगडांनी सगळी राजधानी तो चुरडू शकला असता. पण बादशहाला दिलेली शपथ आणि त्याचे उपकार त्याला आठवतात. तेव्हा तो समुद्र ओलांडून ब्लेफुस्कूला निघून जातो. इकडे फर्मान निघते: दोन तासांत परत आला नाही, तर किताब रद्द आणि तो राजद्रोही.

न्यायाधीशांवरचा तो शेरा स्विफ्टने पुस्तके वाचून लिहिलेला नाही. १७२० मध्ये त्याने एक पत्रक काढले. आयर्लंडच्या लोकांनी आपल्याच देशात तयार झालेला माल वापरावा, असे त्यात सांगितले होते. आपल्या भाषेत बोलायचे तर स्वदेशीचे पत्रक. लेखकाचे नाव नव्हते, म्हणून सरकारने मुद्रकाला, एडवर्ड वॉटर्सला, धरले. ज्युरीने त्याला निर्दोष ठरवले. सरन्यायाधीश व्हिटशेड यांनी निकाल स्वीकारलाच नाही. त्यांनी ज्युरीला नऊ वेळा परत पाठवले आणि अकरा तास बसवून ठेवले. अखेर थकलेल्या ज्युरीने निर्णय न्यायाधीशांवर सोडला. प्रकरण पुढे मागे घेतले गेले. पण नऊ वेळा परत पाठवलेली ती ज्युरी स्विफ्टच्या डोळ्यांपुढून कधी हलली नसावी.

तरीही एक शंका उरते. निर्दोष होता तर पळाला कशाला? आजही कोणी फरारी झाला की आपण पहिल्यांदा हेच विचारतो. गंमत अशी, की स्विफ्टच्या दोन मित्रांनी या प्रश्नाची दोन उत्तरे दिली होती. बोलिंगब्रोक १७१५ च्या मार्चमध्येच वेष पालटून फ्रान्सला पळाला. संसदेने कायदा करून त्याला राजद्रोही ठरवले. त्याची पदवी आणि मालमत्ता गेली. हार्ली पळाला नाही. तो जुलै १७१५ मध्ये टॉवरमध्ये गेला. त्या दिवसांत स्विफ्टने त्याला पत्र लिहून, आपण सोबतीला येतो, असे कळवले होते. हार्ली दोन वर्षे तुरुंगात राहिला आणि जुलै १७१७ मध्ये निर्दोष सुटला.

मग हार्लीचा मार्ग बरोबर आणि गलिव्हरचा चूक, असे म्हणायचे का? पण हार्ली सुटला कसा तेही पाहिले पाहिजे. दोन वर्षांत विग पक्षातच फूट पडली. राजद्रोहाचे आरोप आधी ऐकायचे की बाकीचे, यावरून संसदेच्या दोन सभागृहांत वाद झाला. ठरलेल्या वेळी फिर्यादी पक्ष हजरच राहिला नाही आणि लॉर्डांनी त्याला मोकळे केले. पुरावा तपासून निर्दोष ठरवले असे काही घडलेच नाही. वाट पाहायला दोन वर्षे मिळाली, एवढेच. गलिव्हरला तीन दिवस होते. माझ्या मते स्विफ्टने गलिव्हरला पळवले ते यासाठी. हार्लीचे धैर्य त्याला मोलाचे वाटत होते, पण ते धैर्य कामी आले योगायोगाने, हे तो विसरला नव्हता.

सुरुवातीला मुंबईचा संबंध म्हणालो, तो आता सांगतो. गलिव्हर बाजारात येण्याच्या पाचच आठवडे आधी, २४ सप्टेंबर १७२६ रोजी, त्याच पहिल्या जॉर्जने एक सनद दिली. तिने मुंबई, मद्रास आणि कलकत्ता येथे राजाच्या नावाने चालणारी मेयर कोर्टे आली. फौजदारी न्याय कोणाकडे दिला? तर गव्हर्नर आणि त्याच्या कौन्सिलच्या वरिष्ठ सभासदांकडे. म्हणजे राज्य चालवणारेच न्यायाला बसणार. बाल्मफ मुंबईला पोचला, असे म्हटले तरी चालेल. पुढे न्यायालये बदलली, सुधारली. पण १९०८ च्या जुलैमध्ये मुंबईच्या हायकोर्टात जे घडले, ते वाचताना लिलिपुट आठवते. लोकमान्य टिळक पळाले नाहीत. ज्युरीपुढे ते एकूण सुमारे २१ तास बोलले. ज्युरीत सात युरोपियन आणि दोन पारशी होते आणि निकाल सात विरुद्ध दोन असा लागला. न्यायमूर्ती दावर, जे १८९७ मध्ये टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिले होते, त्यांनी ५१ वर्षांच्या माणसाला सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा दिली. आणि देताना, लोक हिला अनाठायी सौम्यपणा म्हणून नावे ठेवतील, अशा अर्थाचे उद्गार काढले. दयेचे ते भाषण! त्याला टिळकांनी दिलेले उत्तर त्याच दालनाच्या बाहेर आज कोरलेले आहे.

पण टिळकांच्या खटल्यात आणि गलिव्हरच्या प्रकरणात एक मोठा फरक आहे आणि तो सांगितला नाही तर अन्याय होईल. टिळकांना आरोप ठाऊक होते, खटला उघड्यावर चालला आणि त्यांना बोलता आले. निकाल विरुद्ध गेला, तरी त्यांचे म्हणणे कागदावर राहिले. म्हणून आज आपण तो खटला वाचू शकतो आणि न्यायाधीशाचाच न्याय करू शकतो. गलिव्हरच्या खटल्याचे दप्तर उघडले तर त्यात काय सापडेल? चार आरोप, डोळे फोडण्याचा हुकूम आणि बादशहाच्या दयेचे भाषण. आरोपीची एक ओळसुद्धा नाही. ती त्याला स्वतःच प्रवासवर्णनात लिहावी लागली.

म्हणून मुलांच्या हाती गलिव्हर देताना एक करावे, असे मला वाटते. चित्रे पाहून झाली, आरमार ओढून आणून झाले, की ते गळलेले प्रकरण आपण तोंडी सांगावे. आगीची हकिकत ऐकून मुले खदखदून हसतील. मग विचारतील, त्याने आगच विझवली ना, मग शिक्षा कशाला? उत्तर द्यायची घाई करू नये. लिलिपुटच्या सगळ्या दरबारात हा प्रश्न एकालाही सुचला नव्हता.